मोहना टापूचं कुंपण

डोणगाव, ता. मेहकर
५ नोव्हेंबर १९७८

चि. तुळशीराम यास उकंडकाकाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पाडव्याला हाती पडलं. पाकीट ओलं होतं. तव्याच्या उबेवर धरून सुकवलं आणि मग फोडलं. वाचून जीव भांड्यात पडला, पण समाधान झालं नाही. तू लिहितोस, "इथं झाडं फार, पक्षी फार, समुद्र फारच मोठा." तू मॅट्रिक, मी चौथी. चौथीतल्या माणसाला कळतं की 'फार' हा आळशी शब्द आहे. झाड कोणतं? पान समोरासमोर की एकाआड एक? साल सुटते की चिकटून राहते? एवढं लिहिलं असतंस तर तुझ्या काकूला निदान एक झाड तरी दिसलं असतं. ती पत्र ऐकून म्हणाली, "याच्यात काय आहे? याच्यापेक्षा पंचांग बरं."

बाजारात लोक विचारतात, "उकंडराव, पोराले काळ्या पाण्याची सजा झाली म्हणते! कोणाचा खून केला बे त्यानं?" मी सांगतो, अंदमानात आता कैदी पाठवत नाहीत, जंगल खात्याचे नोकर पाठवतात, आणि आमचा पोरगा पगारी आहे. तरी हसतातच.

आता मुद्द्याचं. तू एका वर्षाच्या बोलीवर गेलास. नोकरी हंगामी आहे असं तूच म्हणाला होतास. भाऊ वारल्यापासून तुला मी वाढवलं. मला दुसरं पोर नाही. मळा तुझा, विहीर तुझी, चिखलीच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढलेलं वांग्याचं बी तुझं. मृग लागायच्या आत घरी यावं. मिरचीचं रोप टाकताना मला तू जवळ पाहिजेस. चिखलीला शेषराव म्हणून अडत्या आहे, माणूस सरळ, तोलून बोलणारा. त्याची मुलगी कोकिळा सातवी पास. मी शब्द टाकून ठेवला आहे.

यंदा डुकरांचा त्रास आहे. तुझ्या खोलीकडून मळ्यात यायची जी कवाडी होती, ती मी बोरीच्या काट्या लावून बंद करून टाकली. तू आलास की उघडू.

काकूचा आशीर्वाद. तिला वाटतं, तू तिथं रोज मासे खात असशील. खात असशील तर लिहू नकोस.

तुझा
उकंडकाका

*

मोहना टापू, उत्तर अंदमान
१२ डिसेंबर १९७८

ती. काका आणि काकू यांना तुळशीरामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

काका, 'फार'बद्दल माफी. आता नीट लिहितो.

मोहना टापू म्हणजे डोणगाव ते मेहकर एवढंसुद्धा लांब नसलेलं बेट. नाव बंगाली वसाहतवाल्यांनी ठेवलेलं. होडीतून येताना आधी खाडी लागते. दोन्ही बाजूंना खारफुटी. त्या झाडाची मुळं जमिनीत नाहीत, वरच आहेत, खाटेला पाय असतात तशी. भरतीला झाड पाण्यात उभं, ओहोटीला चिखलात. त्या चिखलावर बोटाएवढा मासा चालतो आणि मुळावर चढतो. खरं सांगतो, चढतो. खाडीत मगर आहे, म्हणून हात बाहेर काढायचा नाही.

खाडी वळली की पांढऱ्या वाळूचा किनारा. वाळूच्या मागं जे झाड आहे त्याला इथं 'समुद्री महुवा' म्हणतात. आपला मोह नव्हे. पानं फांदीच्या टोकाला झुबक्यानं, जाड, तेल लावल्यासारखी. त्याच्या मागं खरं जंगल. तिथं गर्जनची झाडं अशी सरळ उंच की पहिली फांदी बघायला टोपी धरावी लागते. वर मोठाली पांढुरकी कबुतरं घुमतात. ओहोटीला समुद्रातला प्रवाळ उघडा पडतो, दगडासारखा दिसतो, पण जिवंत असतो, त्यावर पाय द्यायचा नाही.

आणि काय नाही तेही लिहितो. वानर नाही. बिबट्या नाही, कोल्हा नाही, ससा नाही, रोही नाही. चितळ आहेत, पण ते इंग्रजांनी आणून सोडले. त्यांना खाणारं कोणी नाही, म्हणून ते रोपं खात सुटले आहेत. तुम्ही इथं असता तर त्यांच्यावर काठी घेऊन धावला असता.

काका, आता खरी गोष्ट. या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. परातीएवढी मादी रात्री पाण्यातून येते, मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, वाळू ओढून परत जाते. पुन्हा ढुंकून बघत नाही. दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण निघतात. मी जोडीला एक रांचीचा माणूस घेऊन ही अंडी राखतो. पण रानडुकरं आणि वसाहतीतून रानटी झालेली कुत्री खड्डे उकरतात. गेल्या साली एकही पिल्लू पाण्यापर्यंत गेलं नाही.

सरकार या बेटाचं राष्ट्रीय उद्यान करणार आहे. नकाशा चालला आहे. आमचे रेंजरसाहेब म्हणतात, जंगल तर आत जाईलच, पण या वाळूवर नारळाची बाग करावी असाही अर्ज आहे. अंडी दर साली कुत्रीच खाणार असतील तर वाळू उद्यानात घेऊन राखायचं काय? यंदा पिल्लं पाण्यात जाताना दाखव, मग मी उद्यानाची रेघ वाळूच्या बाहेरून काढतो. एप्रिलमध्ये वरचे साहेब पाहणीला येतील.

वाळू उद्यानात गेली तर तिच्या राखणीवर मी कायम होईन. म्हणून बोली करतो. यंदा पिल्लं पाण्यात गेली तर मला इथं राहू द्या. नाही गेली तर मृगाच्या आत डोणगावात येईन, शेषरावांच्या मुलीला बघीन, आणि समुद्राचं नाव पुन्हा काढणार नाही.

आणि जाता जाता विचारतो. डुकरं आणि कुत्री यांच्यापासून जमिनीतली वस्तू कशी राखावी, हे अख्ख्या मेहकर तालुक्यात तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. काय करू?

तुमचा
तुळशीराम

*

डोणगाव
८ जानेवारी १९७९

चि. तुळशीराम यास आशीर्वाद.

पत्र चांगलं आहे. झाड दिसलं. चालणाऱ्या माशावर काकूचा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, ज्या माणसानं 'आपला मोह नव्हे' एवढं बघून लिहिलं, तो माशाबद्दल थाप मारणार नाही.

तू लबाड आहेस. बोली अशी केलीस की तू जिंकलास तर मी हरलो, आणि जिंकायची युक्ती मलाच विचारतोस. मी हे पत्र घरात मोठ्यानं वाचलं तेव्हा तुझी काकू चुलीपासून ओरडली, "पोरगं समुद्राकाठी कासवं राखून राह्यलं, अन् इथं वांगे डुकरं खाऊन राह्यले! उत्तरच धाडू नका. कुत्रे खातीन अंडे, अन् येईन पोरगं घरी."

हा विचार माझ्याही मनात आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस पत्र कोनाड्यात ठेवलं. पण कुंपणाबद्दल कोणी विचारावं आणि मी गप्प बसावं, हे मला जमत नाही. चुकीचं सांगणं तर त्याहून जमत नाही. तेव्हा ऐक, आणि जसं लिहिलं तसं कर. आपलं डोकं मध्ये घालू नकोस.

काटी कोणतीही चालेल, पण काटा आकड्याचा हवा, सरळ नको. सरळ काट्यातून डुक्कर अंग काढून घेतं, आकडा त्याला धरून ठेवतो. तिथं बाभूळ-बोर नसेल तर वेताची वेल असेलच, तिला आकडे असतात असं मी वाचलं आहे. फांदीचा बुडखा आत, शेंडा बाहेर. लोक उलटं लावतात आणि मग नशिबाला दोष देतात. बुडख्यावर वाळू दाबायची, वरून ओला ओंडका. पहिल्या ओळीच्या फटीवर दुसरी ओळ, जशा कौलांवर कौलं. आणि मुख्य गोष्ट: खालची फट. माणूस वरून उंच कुंपण करतो आणि डुक्कर खालून नाक घालतं. तेव्हा खालून असं बुजव की मुंगूस सोड, सरडाही आत-बाहेर जाणार नाही. सगळीकडून, गोल. एक बाजूही मोकळी सोडू नकोस. जिथं तुला वाटेल की इथून कोण येतं, तिथूनच येतं.

असं कुंपण मी गेली कित्येक वर्षं घालतो. ज्या वर्षी नीट घातलं त्या वर्षी माझ्या मळ्यातून एक वांगं गेलेलं नाही.

आता जिंक, आणि मग मृगाच्या वेळी काय ते बघू. शेषरावांना मी 'मुलगा सरकारी कामात गुंतला आहे' एवढंच सांगितलं. कासवं सांगितली नाहीत.

तुझा
उकंडकाका

*

मोहना टापू
२० फेब्रुवारी १९७९

ती. काका यांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं कुंपण घातलं. वेताचे काटे खरंच आकड्याचे. बुडखा आत, शेंडा बाहेर, दोन ओळी, खालून पूर्ण बंद. सगळ्या खड्ड्यांना मिळून एक गोल. डुकरं आली, नाक खरवडून गेली. कुत्री बाहेर बसून भुंकली. रेंजरसाहेब म्हणाले, असं कुंपण त्यांनी पाहिलं नाही. मी त्यांना सांगितलं, हे वऱ्हाडातलं आहे.

परवा सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. पहिला खड्डा फुटला होता. पिल्लं बाहेर आली होती, तळहाताच्या मधल्या खळग्यात बसतील एवढी, काळी. आणि सगळी कुंपणाच्या आतून समुद्राच्या बाजूला काट्यांत अडकलेली. काही आकड्यांत, काही एकमेकांवर. पाणी त्यांना दिसत असेल. ऊन वर आलं होतं. कावळे आत उतरत होते, कुंपणाला वर छप्पर नव्हतं. जी जिवंत होती ती आम्ही ओंजळीत धरून पाण्याजवळ नेली. थोडी होती.

मी सगळं कुंपण उपटून टाकलं. आता आम्ही दोघं आळीपाळीनं काठी घेऊन बसतो. असं किती दिवस जमेल ते माहीत नाही.

काका, एक विचारतो. मी इथं हरावं, असं तुमच्या मनात होतं, हे तुम्हीच लिहिलं होतं. पिल्लं बाहेर कशी जातील, हे तुम्हाला सुचलं नाही, की सुचूनही लिहिलं नाही?

काकूंना नमस्कार.

तुळशीराम

*

डोणगाव
१४ मार्च १९७९

चि. तुळशीराम,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. नंतर जेवलो, कारण उपाशी माणसाला नीट विचार करता येत नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी सुचूनही लिहिलं नाही, असं तुला वाटलं. तुळशीराम, मला तू हवास हे खरं. पण वाकडं कुंपण घालून मी कोणाची गाय सुद्धा कधी अडकवली नाही, तुला अडकवीन? हे लिहिताना तुझा हात थांबला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. बस. यावर पुन्हा बोलणं नको.

आता कुंपण. कुंपणात खोट नव्हती. मी वांग्याचं कुंपण सांगितलं. वांगं जिथं लागतं तिथंच राहतं, त्याला तोडून माणूस नेतो. मी साऱ्या जन्मात असं पीक राखलेलं नाही जे स्वतः उठून चालायला लागतं. तू लिहिलं होतंस, "पिल्लं आपली आपण निघतात." ते मी वाचलं होतं. वाचलं आणि पुढं गेलो. 'निघतात' म्हणजे कुठं, कशी, केवढी, हे मी विचारायला हवं होतं. 'फार' लिहिल्याबद्दल तुला झापणारा मीच.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहकरला जाऊन तार केली. पोस्टमास्तर म्हणाला, "समुद्राकडची बाजू खालून उचला? उकंडराव, मेहकरात समुद्र कुठी आहे?" मी म्हटलं, तुम्ही अक्षरं मोजा, समुद्राचं मी बघतो. तार कधी पोचेल देव जाणे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण पावसाच्या पाण्याला वाट म्हणून कुंपणाला खालून मोरी ठेवतो, ते विसरू नकोस. तशी समुद्राकडच्या सगळ्या बाजूला मोरी ठेव. पण किती उंच, यावर सगळं आहे. जास्त झाली तर डुक्कर नाक घालणार, कमी झाली तर पिल्लू अडकणार. अंदाजावर सोडायला माझी तयारी नव्हती. म्हणून अंगणात मी छोटं कुंपण घातलं. आत कोंबडीची पिल्लं सोडली. बाहेर कोंबडी टोपलीखाली झाकली, आणि आपला लाल्या कुत्रा मोकळा. मी जमिनीला गाल लावून खालची फट बघत होतो, तेवढ्यात तुझ्या काकूचा आवाज आला, "अहो, उठा! पाव्हणे आले!"

दारात शेषराव, त्यांची बहीण आणि कोकिळा. घर बघायला आले होते, न सांगता. मी डोक्यात काटक्या, गालाला माती. शेषराव म्हणाले, "उकंडराव, हे काय करून राह्यले?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. कासवं, बेट, बोली, सगळं. शेषरावांचा चेहरा कुलूप लागलेल्या दुकानासारखा झाला. "म्हणजे पोरगा समुद्रापल्याड राहणार? उकंडराव, तुमी तं म्हणे सरकारी कामात गुंतला!"

"कासव सरकारीच आहे," मी म्हटलं.

त्यांची बहीण हसली. कोकिळा हसली नाही. ती येऊन माझ्या बाजूला उकिडवी बसली, लाल्याला मानेला धरलं आणि म्हणाली, "सोडा काका, पाहू." मी फट चार बोटं केली. पिल्लं भराभर खालून निघून टोपलीकडे पळाली. मग तिनं लाल्याला सोडलं. लाल्यानं नाक घातलं, काटा लागला, ओरडत मागं आला. चार बोटं. माझी बोटं, तुझी नव्हेत, तुझी बारीक आहेत. कासवाचं पिल्लू उंचीला कमी असेल, पण पंजे पसरून चालत असेल, तेव्हा रुंदीला आडकाठी एकही नको. काटक्यांचे शेंडे वर बांधून घे, बांबू आडवा टाकून. वर जुनं जाळं टाक, कावळ्यांसाठी. कोळ्यांकडे मिळेल. ते मी आधीच सांगायला हवं होतं.

मला वाटलं संपलं. पण त्या पोरीनं मला विचारलं, "काका, या पिल्लाइची माय भायेर आहे, म्हणून थे तिकडं पळून राह्यले. कासवाची माय तं निंघून गेली. मंग थे पिल्लं कायच्या मांगं जातात? त्याइले कसं समजते पाणी कोन्या आंगाले आहे?"

मी म्हटलं, पत्रात विचारतो. तुला उत्तर येत असेल तर कळव. येत नसेल तर शोध, कारण प्रश्न बरोबर आहे.

शेषराव चहा न घेता गेले. जाताना म्हणाले, पोरगा इथं राहणार असेल तरच पुढचं बोलणं.

उकंडकाका

*

मोहना टापू
१० एप्रिल १९७९

ती. काका आणि काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तार पत्राच्या आधी आली. पोर्ट ब्लेअरहून बिनतारी संदेशानं, मग आठवड्याच्या बोटीनं. नावाड्यानं ती मला वाचून दाखवली आणि विचारलं, हा मंत्र आहे का? मी म्हटलं, हो, वऱ्हाडातला.

काका, माझं मागचं पत्र फाडून टाका. मला त्यावर पुन्हा बोलू नको म्हणालात, म्हणून बोलत नाही. एवढंच लिहितो की तार हातात आली तेव्हा मी वाळूवरच बसून राहिलो. जो माणूस मी परत यावं म्हणून वाट बघतो, तोच मेहकरला जाऊन मला इथं ठेवायची तार करतो.

कुंपण पुन्हा उभं केलं, समुद्राकडून खालून उचललं. फट मी अंदाजानं ठेवली होती, तुमच्या पत्रानंतर चार बोटं केली. रेंजरसाहेबांचा हात तुमच्यासारखा जाड आहे, त्यांची बोटं धरली. वर जाळं टाकलं.

पण पत्र येईपर्यंत एक घोटाळा झाला. दुसरा खड्डा फुटला, पिल्लं खालून सुटली, आणि निम्मी उलटी फिरून आमच्या झोपडीकडे निघाली. मी त्यांना उचलून पाण्याकडे तोंड करून ठेवावं, की ती पुन्हा वळून झोपडीकडे. मला वाटलं, ही जात मुळात वेडी आहे. मग तुमचं पत्र आलं. "थे पिल्लं कायच्या मांगं जातात?" मी ते वाक्य वाचलं आणि झोपडीच्या खांबाकडे बघितलं. खांबाला कंदील. कुंपण उपटलं तेव्हापासून कुत्र्यांनी घाबरावं म्हणून मी तो रात्री जळता ठेवत होतो. समुद्रावर नेहमी थोडा उजेड असतो, चांदण्यांचा, पाण्याचा. जंगल काळं असतं. पिल्लं उजेडाच्या मागं जातात. मी त्यांच्यासाठी खोटा समुद्र टांगून ठेवला होता.

कंदील विझवला. त्यानंतर एकही पिल्लू झोपडीकडे आलं नाही.

पाहणीचे साहेब आले तेव्हा दिवस मावळत होता. ते म्हणाले, बोट सुटायला फार वेळ नाही, काय दाखवायचं ते दाखवा. माझ्या हातात काही नव्हतं. पिल्लं काय माझ्या हुकमानं निघतात? आम्ही नुसते उभे. मग एका खड्ड्याची वाळू मध्येच खाली बसली, जशी चाळणीत पिठाला खळगी पडते. रांचीवाल्यानं माझा दंड धरला. एक डोकं आलं, मग वाळूच उकळायला लागली. सगळी खालून निघाली, फटीतून सरळ, ओळ मोडून, धडपडत, पाण्यापर्यंत. लाट आली, काहींना मागं फेकलं, ती पुन्हा चालायला लागली. जवळजवळ सगळी गेली. साहेबांनी बूट काढून हातात घेतले होते, पिल्लू पायाखाली येईल म्हणून. बोट उशिरा सुटली.

रेघ वाळूच्या बाहेरून गेली आहे, काका. प्रवाळही आत. नकाशा मी डोळ्यांनी पाहिला. मला कायमचं विचारलं आहे, उत्तर मेअखेरपर्यंत द्यायचं.

बोलीप्रमाणे मी जिंकलो. पण ती बोली मी तुमच्याच हातानं जिंकली, म्हणून ती धरत नाही. तुम्ही 'ये' म्हणा, मी येतो. मिरचीचं रोप टाकू.

पिल्लं पाण्यात गेल्यावर कुठं जातात, हे इथं कोणालाच सांगता येत नाही. रेंजरसाहेब म्हणतात, जी मादी मोठी होते ती बऱ्याच वर्षांनी आपल्याच किनाऱ्याला परत येते, असं जाणकार मानतात. कशी ओळखते, तेही माहीत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगता येत असेल तर सांगा.

तुमचा
तुळशीराम

*

डोणगाव
२ मे १९७९

चि. तुळशीराम यास उकंडकाकाचे आशीर्वाद.

"जवळजवळ सगळी" म्हणजे किती? राहिलेली का राहिली? पुढच्या वेळी लिही.

बाकी पत्र चांगलं. चाळणीतल्या पिठाची खळगी मी काकूला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "हाव, अशीच पडते." तुझ्या अक्षरावर तिचा आता भरवसा बसला. चालणारा मासासुद्धा तिनं मान्य केला.

पत्र खिशात घालून मी एस.टी.नं चिखलीला गेलो. शेषराव अडतीवर बसले होते. मी म्हटलं, सोयरिकीचं बोलायला आलो नाही, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आलं आहे, ते पोचवायला आलो. उत्तर ज्याचं त्याला द्यावं लागतं. त्यांनी तिला आतून बोलावलं. मी हमालांसमोर, पोत्यांवर बसून पूर्ण पत्र वाचलं. तराजू थांबला होता.

कंदिलाचं ऐकून ती म्हणाली, "मंग त्याइनं जेवण अंधारात केलं का?"

हे तू लिहिलं नव्हतंस. मी म्हटलं, विचारून सांगतो. शेषराव तोंडावर उपरणं धरून खोकले. हसत होते. मी निघालो तेव्हा म्हणाले, "उकंडराव, समुद्रापल्याड पोरगी द्यायची म्हणजे छाती पाह्यजे." मी म्हटलं, "तुमच्या पोरीले तं आहे, तुमचं पाहा." अजून हो म्हणाले नाहीत. पण चहा पाजला, आणि मागच्या वेळचा राहिलेला धरून दोन कप.

आता माझं ऐक. नोकरी धर. हा सल्ला नव्हे, हुकूम. तू 'ये म्हणा, येतो' लिहून माझ्यावर टाकलंस, ते बरं केलं नाहीस. पण उत्तर मला सोपं गेलं. ज्याला वाळू राखता येते त्यानं वाळू राखावी. वांगी राखायला मी आहे, आणि माझ्यासारखी ती कोणालाच राखता येत नाहीत. तुलाही नाही. तू काटी उलटी लावायचास.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. अंधारातल्या जेवणाचं उत्तर तू स्वतः चिखलीला येऊन दे. ते मी पोचवणार नाही. येण्याची तारीख कळवायची घाई करू नकोस. मिरचीचं रोप मी आणि काकू टाकतो. प्रदर्शनातलं वांग्याचं थोडं बी पुडीत घालून सोबत पाठवलं आहे. तिथल्या मातीत लावून बघ, आणि पान कसं येतं ते लिही. चितळांपासून जप. कुंपण कसं घालायचं तुला ठाऊक आहे, हे पीक कुठं चालत जात नाही.

एक राहिलं. तुझ्या खोलीकडची कवाडी मी काल उघडली. बोरीच्या काट्या घट्ट बसल्या होत्या, निम्मा दिवस लागला. काढून विहिरीच्या बाजूला लावल्या. काकू म्हणाली, "आता डुकरं येतीन ना तिकून!"

म्हटलं, येऊ दे. मी बसतो तिथं राखत.

तुझा
उकंडकाका